आज काय शिकलास?

दुपारी बाराच्या सुमारास शाळेच्या फाटकापाशी आया-आज्यांची गर्दी होते. बालवर्ग सुटतो. डब्याचे झाकण अर्धवट लागलेले, चेहऱ्यावर रंगाचा एखादा पट्टा, अशी ती चिमुकली मंडळी बाहेर पडतात आणि वाटेने चालता चालता आजी विचारते, “आज काय शिकलास रे बाळा?” उत्तर ठरलेले असते, “काही नाही. खेळलो.” आजी हसते. आईला मात्र हसू येत नाही. फी भरली ती खेळण्यासाठी काय, हा प्रश्न तिच्या मनात घर करून राहतो.

आमच्या धर्मग्रामातील पालकसभेत हा प्रश्न एकदा उघडपणे मांडला गेला. आम्ही तेथे आजोबा या नात्याने हजर होतो. एक माता उठून उभी राहिली. पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन मुंबईला जाणारी, भाजी विकून संसाराला हातभार लावणारी ती बाई. बोलण्याची तिला सवय नव्हती, तरी ती स्पष्ट बोलली. शेजारचा मुलगा दुसऱ्या शाळेत जातो, तो शंभरपर्यंत आकडे लिहितो, त्याची वही भरलेली असते. आमचा मुलगा घरी येतो तो कागदाची होडी घेऊन. आम्ही दोघे नवरा-बायको फारसे शिकलो नाही, निदान याच्या हाती तरी अक्षर लवकर पडावे, एवढेच आमचे मागणे आहे. सभा क्षणभर स्तब्ध झाली. बालवर्ग पाहणाऱ्या धर्मभगिनींनी शांतपणे ऐकून घेतले व पुढच्या सभेत उत्तर देईन असे सांगितले. आमच्याकडेही तयार उत्तर नव्हते. म्हणून आम्ही पुस्तकांकडे वळलो आणि या बालवर्गाच्या मागे केवढा इतिहास उभा आहे हे पाहून थोडे ओशाळलो. त्यातील काही पाने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

‘किंडरगार्टन’ हा मूळचा जर्मन शब्द. त्याचा सरळ अर्थ मुलांची बाग. आमच्या मराठीने त्यासाठी ‘बालवाडी’ हा शब्द घडविला आणि तो वसईच्या माणसाला तर फारच जवळचा वाटावा; कारण वाडी म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. केळीची वाडी, पानवेलीची वाडी, फुलांची वाडी. विहिरीचे पाणी पाटाने आळ्यापर्यंत न्यावयाचे, तण काढावयाचे आणि मग वाट पाहावयाची. रोप लवकर वाढावे म्हणून शेंडा धरून कोणी ओढीत नाही. हा शब्द ज्याने प्रथम योजला त्याच्याही मनात हेच होते.

त्याचे नाव फ्रीड्रिख फ्रोबेल. १७८२ साली जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात एका लुथरन पाळकाच्या घरी त्याचा जन्म झाला. मूल नऊ महिन्यांचे असतानाच आई वारली. वडील धर्मकार्यात गुंतलेले, सावत्र आईचा लळा लाभला नाही. एकटे वाढलेले हे मूल झाडाझुडपांत रमले. पुढे त्याने वनरक्षकाच्या हाताखाली उमेदवारी केली आणि काही काळ बर्लिनच्या खनिजसंग्रहालयात स्फटिकांची निगराणी केली. निर्जीव दगडातही एक शिस्तबद्ध आकार दडलेला असतो, हे तेथे त्याच्या मनावर ठसले. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले.

त्या संस्थेत पाटी नव्हती. फ्रोबेलने मुलांच्या हाती ज्या वस्तू दिल्या त्यांना तो ‘देणग्या’ म्हणे. पहिली देणगी लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी देणगी लाकडाचा गोल, घन आणि वृत्तचिती. गोल कसाही ठेवा, तो सारखाच दिसतो व घरंगळतो. घन जेथे ठेवाल तेथे बसतो. आणि वृत्तचिती या दोघांच्या मधली, आडवी ठेवली तर घरंगळते, उभी ठेवली तर स्थिर राहते. तिसऱ्या देणगीत एक घन आठ लहान घनांत विभागलेला असे. मूल तो मोडते, त्याचा जिना करते, खुर्ची करते, देऊळ करते. पण खेळ संपला की आठही तुकडे पुन्हा जुळवून अखंड घन डबीत ठेवावयाचा. अंश आणि पूर्ण यांचे नाते त्या मुलाला कोणी फळ्यावर सांगितले नाही. ते त्याच्या बोटांना कळले. शिवाय कागदाच्या घड्या, विणकाम, माती, गाणी आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला बागेचा एक लहानसा तुकडा. पालकसभेत जिची थट्टा झाली ती कागदाची होडी या घराण्यातली आहे, हे वाचून आम्हास गंमत वाटली.

या निरुपद्रवी खेळाची प्रशियाच्या सरकारला मात्र भीती वाटली. ऑगस्ट १८५१ मध्ये किंडरगार्टनांवर बंदी आली. नास्तिकता व समाजवाद यांचा प्रसार हा आरोप. फ्रोबेलच्या कार्ल नावाच्या पुतण्याचे विचार सरकारला खुपत होते आणि चुलत्या-पुतण्यांच्या नावांत गल्लत झाली, असे सांगितले जाते. पाळकाच्या घरी जन्मलेला, सृष्टीत देव पाहणारा हा वृद्ध शिक्षक या आघाताने खचला आणि पुढच्याच वर्षी, जून १८५२ मध्ये, निवर्तला. बंदी उठली ती १८६० मध्ये. तोवर त्याच्या शिष्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, बालवाडी इतर देशांत पोहोचविली होती.

परंतु आमच्या भाजीवाल्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर फ्रोबेलपाशी पुरते मिळत नाही. तिला अक्षर हवे होते. त्यासाठी रोमला जावे लागते.

१९०७ साल. रोम शहराच्या एका टोकाला सान लोरेन्झो नावाची गरिबांची वस्ती होती. घरबांधणीच्या सट्ट्यात अर्धवट सोडलेल्या इमारतींत मजूर, बेकार, भटके यांनी आसरा घेतलेला. एका कंपनीने त्यातील काही इमारती दुरुस्त करून कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर जात. शाळेत जाण्याइतकी मोठी नसलेली मुले जिन्यांतून हुंदडत आणि नव्या रंगविलेल्या भिंती खराब करीत. भिंतींच्या रंगासाठी पैसा खर्च करण्यापेक्षा मुलांना एका खोलीत सांभाळणारे कोणी नेमणे स्वस्त पडेल, असा व्यवहारी विचार मालकांनी केला. जगातील एका थोर शिक्षणप्रयोगाचा उगम असा भिंतीच्या रंगात आहे. ईश्वर कशाचा उपयोग करून घेईल हे सांगता येत नाही.

ही जबाबदारी डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्यावर आली. त्या वैद्यकीच्या पदवीधर (१८९६), त्याही ज्या काळी इटलीत डॉक्टर स्त्री ही अपूर्वाई होती त्या काळी. मतिमंद मुलांना शिकविण्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता. ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, ‘बालगृह’ सुरू झाले. त्या दिवसाच्या मिस्सात वाचला जाणारा यशया संदेष्ट्याचा प्रकाशाविषयीचा उतारा आपल्या मनात कसा घोळत होता, हे त्यांनी पुढे नमूद केले आहे. समोर बसलेली सुमारे पन्नास मुले मात्र रडवेली, भेदरलेली आणि अशक्त होती.

या खोलीत काय शिकविले गेले? पहिली गोष्ट म्हणजे हात धुणे, केस विंचरणे, बटणे लावणे. त्यासाठी कापडाच्या चौकटी होत्या. एकीवर बटणे, दुसरीवर नाडी, तिसरीवर बंद. आई घाईत असते म्हणून ती स्वतःच बटणे लावून मोकळी होते. येथे मुलाला कितीही वेळ लागला तरी चाले. एके दिवशी मॉन्टेसरीबाईंनी नाक कसे शिंकरावे याचा पाठ दिला. रुमाल कसा धरावा, आवाज न करता नाक कसे साफ करावे, हे मुले एकाग्रतेने पाहत राहिली आणि पाठ संपताच त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई चकित झाल्या. मग त्यांच्या लक्षात आले, की शेंबड्या नाकावरून या मुलांना आजवर केवळ बोलणी बसली होती. कोणी नीट दाखविले मात्र नव्हते. आम्हालाही येथे थांबून आपल्या घरांतील आवाज आठवले.

टेबलखुर्च्या मुलांच्या मापाच्या व हलक्या. धक्का लागला तर त्या पडत व आवाज होई. लोकांना वाटे, भक्कम बाके हवीत. बाईंचे म्हणणे उलट होते. पडणारी खुर्चीच मुलाला सावकाश चालावयास शिकविते. प्रत्येक साधन एकच ठेवलेले असे. दुसऱ्याचे काम पुरे होईपर्यंत थांबावे लागे. हिसकावून न घेता वाट पाहणे हा पाठ कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता, पण रोज दहादा गिरविला जाई.

साधनांपैकी एक विशेष सांगण्यासारखे आहे. लाकडाच्या जाड पट्टीत दहा खळगे, त्यांत दहा लाकडी दट्टे बसविलेले. कोणी जाड, कोणी बारीक. दट्टे काढावयाचे, मिसळावयाचे आणि पुन्हा ज्याच्या त्याच्या खळग्यात बसवावयाचे. एक जरी चुकला तरी शेवटचा दट्टा बसत नाही. म्हणजे चूक दाखविण्यासाठी बाईंना बोलावे लागत नाही, लाकूडच बोलते. सुमारे तीन वर्षांची एक मुलगी हे काम करण्यात इतकी गढली, की तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, भोवती इतर मुलांना गावयास लावले, तरी तिचे लक्ष ढळले नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने ते काम पुनःपुन्हा केले आणि मग जणू झोपेतून जागी व्हावी तशी प्रसन्न मुद्रेने उठली. मूल चंचल असते, हे आपण सारेच गृहीत धरून चालतो. या मुलीने ते खोटे ठरविले.

आता त्या दट्ट्याच्या माथ्याकडे पाहावे. तेथे एक लहानशी मूठ असते आणि ती अंगठा व दोन बोटांनीच धरता येते. लेखणीही त्याच तीन बोटांनी धरतात.

येथून अक्षराची कथा सुरू होते. मॉन्टेसरीबाईंचा या वयाच्या मुलांना लिहावयास शिकविण्याचा मुळी विचारच नव्हता. ते फार लवकर होईल, असे तेव्हा सर्वांचेच मत होते. परंतु काही महिन्यांनी वस्तीतील दोन-तीन माता त्यांच्याकडे आल्या. त्या स्वतः निरक्षर होत्या. आमच्या मुलांना लिहावयास-वाचावयास शिकवा, अशी गळ त्यांनी घातली. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे रोम नव्हते. धर्मग्रामाची सभा होती आणि टोपली घेऊन पहाटेची गाडी पकडणारी ती भगिनी होती.

बाईंनी मातांना परत पाठविले नाही. ‘तुम्हाला काही कळत नाही’ असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि मुलांपुढे पाट्याही ठेवल्या नाहीत. लाकडी अक्षरे करून घेण्याचा त्यांनी प्रयत्न केला, ते जमले नाही. तेव्हा खरखरीत पॉलिशकागदाची अक्षरे कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटविली. मुलाने बोट फिरवावयाचे आणि तोंडाने त्या अक्षराचा उच्चार करावयाचा. बोट रेषेवरून घसरले तर पुठ्ठ्याचा गुळगुळीतपणा लगेच सांगे. डोळा, बोट आणि कान ही तिन्ही एकाच वेळी कामाला लागली. सुटी अक्षरे जुळवून शब्द करण्याचा खेळही सुरू झाला. लेखणी अद्याप कोणाच्या हाती दिली नव्हती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, एका उन्हाच्या दिवशी, बाई मुलांसह गच्चीवर बसल्या होत्या. पाच वर्षांच्या एका मुलाला त्यांनी खडू दिला व समोरच्या धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. त्याने ते फरशीवर काढले. बाईंनी शाबासकी दिली. मुलाने त्यांच्याकडे पाहिले, क्षणभर थांबला आणि ‘मला लिहिता येते’ असे ओरडत त्याने फरशीवर ‘हात’ हा शब्द लिहिला. मग ‘धुराडे’, मग ‘छप्पर’. इतर मुले धावली, त्यांनीही खडू मागितला आणि तीही लिहू लागली. त्यांतील कोणीच तोवर लेखणी हाती धरलेली नव्हती. त्या नाताळच्या सुमारास वस्तीतील मुले दारांवर, भिंतींवर, पावांवरदेखील लिहीत सुटली, असे वर्णन आहे. ज्या भिंतींचा रंग वाचविण्यासाठी हे सारे मांडले होते, त्या भिंतींचे पुढे काय झाले हे कंपनीच जाणे!

तेव्हा अक्षर नको असे इतिहास म्हणत नाही. अक्षराची तयारी हाताने होते. ती तयारी बाहेरून खेळासारखी दिसते. आणि ती झाल्यावर अक्षर येते तेव्हा ते मुलाचे स्वतःचे असते. बालवर्गात त्या वर्षभरात वही कोरी राहते, म्हणून काही झाले नाही असे आपल्याला वाटते. ज्या मातांनी रोममध्ये अक्षर मागितले त्यांचेही चुकले नव्हते. त्यांनी मागितले नसते तर ती खरखरीत अक्षरे कदाचित झालीच नसती.

मॉन्टेसरीबाईंचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला, जगभर भाषांतरे झाली आणि त्याबरोबर एक विपरीत गोष्टही घडली. झोपडपट्टीत जन्मलेली ही पद्धत सुखवस्तू घरांची मिरासदारी होऊ लागली. सुबक लाकडी साधने महाग, प्रशिक्षण महाग. ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडन येथे महात्मा गांधी व मॉन्टेसरी यांची भेट झाली. तेथील भाषणात गांधीजींच्या मनात होती ती भारतातील खेड्यांतील गरीब मुले. ही पद्धत त्यांच्या दारी कशी पोहोचावी, हा प्रश्न त्यानंतर आपल्या देशातील काहीजणांना स्वस्थ बसू देईना.

भारतात त्याची सुरुवात गुजरातेत झाली होती. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारातून ते मॉन्टेसरींच्या ग्रंथाकडे वळले, त्यांनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. त्यांना लाभलेल्या सहकाऱ्यांत एक मराठी स्त्री होती, ताराबाई मोडक. ताराबाई १८९२ च्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोटच्या स्त्रियांच्या महाविद्यालयाची मानाची जागा सोडून त्या मुलांच्या खोलीत येऊन बसल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाई महाराष्ट्रात परतल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला.

मॉन्टेसरीबाई स्वतः १९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यार येथे आल्या. काही महिन्यांचा बेत होता. पण महायुद्धात इटली उतरताच त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांचे पुत्र मारिओ यांना आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले आणि बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, सोडण्यात आले. युद्धामुळे अडकलेल्या या वृद्ध स्त्रीने १९४६ पर्यंत भारतात राहून अड्यार व कोडाईकनाल येथे एक हजाराहून अधिक शिक्षकांना तयार केले. १९५२ मध्ये हॉलंडमधील नॉर्डवाइक येथे त्यांचे निधन झाले व तेथील कॅथोलिक दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

आता आपण आपल्याच आगगाडीत बसू. विरारच्या पुढे पालघर, डहाणू, घोलवड. घोलवडजवळच समुद्रकाठी बोर्डी हे गाव आहे. १९४५ साल या भागाच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात राहावे. त्या वर्षी येथील वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाई मोडक दादरची जमलेली संस्था मागे ठेवून बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, हे कमीजणांना ठाऊक असते. त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. अनुताई १९१० च्या. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे आयुष्य तेथेच संपावयाचे. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, १९४५ मध्ये बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि पुढील अठ्ठावीस वर्षे, ताराबाईंच्या १९७३ मधील मृत्यूपर्यंत, ती जोडी तुटली नाही.

बोर्डीत बालवाडी उघडली, परंतु हरिजनवस्तीतील मुले तेथे येईनात. आईबाप मजुरीला गेलेले. मुलांना कोण आणणार? शिवाय गावातील चांगल्या घरची मुले जेथे बसतात तेथे आपण जावे की नाही, हा संकोच पिढ्यान्‌पिढ्यांचा. ताराबाईंनी उपाय काढला तो अगदी साधा. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे. शिक्षिका सामानाची पिशवी घेऊन वस्तीत जात आणि कोणाच्या तरी अंगणात मुलांना जमवीत. आधी मुलांना न्हाऊ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. आज हा शब्द देशभर सरकारी कागदांवर आहे, पण तो घडला तो आपल्या पश्चिम रेल्वेच्या वाटेवरील या गावात.

महागड्या साधनांचे काय? शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, मातीची भांडी. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत, हे सारे भेद समुद्रकाठी आणि रानात विनामूल्य पडलेले होते. चिंचोक्यांची वर्गवारी करणारे मूल आणि रोममध्ये लाकडी दट्टे बसविणारे मूल एकच काम करीत असते. इटलीतच, मॉन्टेसरींच्याही आधी, अगाझ्झी नावाच्या दोन बहिणींनी खेड्यातील मुलांच्या खिशांत सापडणाऱ्या बटणे, दोरे, दगड अशा चिजांतून आपला वर्ग उभारला होता. गरिबांच्या बालवर्गांना असे एकमेकांची ओळख नसताना एकच शहाणपण सुचावे, याचे आम्हास फार अप्रूप वाटले.

दहा-बारा वर्षांनी हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबादच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या मध्यभागी गेले. येथे अडचण निराळी होती. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या कडेवर तिचे धाकटे भावंड असे. तिला शाळेत बोलाविणे म्हणजे त्या तान्ह्याला वाऱ्यावर सोडणे. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. आणि मधूनच उठून ती भावंडाला पाहून येई. मुलगे गुरे राखावयास जात. तेव्हा शिक्षकच गुरांमागे कुरणात गेले आणि कुरणशाळा भरू लागली. शाळेची घंटा पाळावयाची कोणी, मुलाने की शाळेने, या प्रश्नाचे उत्तर या दोघींनी शाळेच्या विरुद्ध दिले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. अनुताई १९९२ मध्ये वारल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन धर्मग्रामाच्या प्रत्येक वाचनालयात असावयास हवे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास योजना ३३ गटांत सुरू केली व अंगणवाडीची कल्पना देशभर नेली. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. योजनेत आहार आणि लस यांनी मोठी जागा व्यापली, ते योग्यच झाले. पण शिंपले आणि गोष्टी बऱ्याच ठिकाणी मागे पडल्या. तर शहरांत आणि शहराला लागलेल्या आमच्या गावांत उलट दिशेने ओढाताण झाली. तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत, प्रवेशासाठी शिकवणी, बालवर्गाला गृहपाठ. १९९३ मध्ये प्रा. यशपाल समितीने बालवर्गाच्या प्रवेशासाठीच्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात असे सांगितले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची व पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात धरला. कागद तर सारे मुलाच्या बाजूचे आहेत. फाटकापाशी उभ्या असलेल्या आईच्या मनातील धाकधूक कागदाने जात नाही. ज्या घरात अक्षर उशिरा आले, त्या घराला अक्षराची घाई असणारच. ज्यांच्या घरी तीन पिढ्या पुस्तके आहेत त्यांनी तिला हसू नये.

पुढची पालकसभा आली. धर्मभगिनींनी भाषण केले नाही. त्यांनी एक परात आणली, तीत बारीक वाळू पसरलेली; आणि शेजारी एक लाकडी पट्टी, दहा दट्ट्यांची. पालकांनाच त्यांनी दट्टे बसवावयास दिले. टोपलीवाल्या भगिनीने दोनदा चूक केली, तिसऱ्यांदा ते जमले आणि ती स्वतःशीच हसली. धर्मभगिनींनी तिला विचारले, “दट्टा कशाने धरलात?” तिने आपल्या बोटांकडे पाहिले. मग त्यांनी तिच्या मुलाला बोलाविले. त्याने वाळूत बोटाने ‘ग’ काढला, पुसला, पुन्हा काढला.

“तरी पण सिस्टर, वहीत कधी?” त्या मातेने विचारलेच. आम्हाला तिचा हा हट्ट मनापासून आवडला.

बोलणे बराच वेळ चालले. सर्वांचे एकमत झाले असे नाही. एका कुटुंबाने जूनमध्ये आपला मुलगा दुसऱ्या शाळेत घातला. आमच्या बालवर्गात दुसऱ्या सत्रापासून आठवड्यातून दोन दिवस वही निघते, कोऱ्या कागदाची, रेघांशिवाय. वाळूची परात खिडकीखाली तशीच आहे. ती एकच असल्यामुळे तिच्यासाठी रांग लागते.